बाजाराची वाट: करपेवाडी ते पन्हाळा

करपेवाडीतल्या एका घराच्या सोप्यात आम्ही रात्र काढली होती. पहाटे पाचला जाग आली ती चरवीत पडणाऱ्या दुधाच्या धारेच्या आवाजाने, आणि डोळे उघडण्याआधीच मनात आला तो पन्हाळा. गगनबावडा सोडल्याला तो सहावा दिवस होता. घाटमाथा धरून अणुस्कुरा, गजापूर, विशाळगड, पावनखिंड आणि पांढरपाणी असे टप्पे मागे टाकत मी आणि माझा भाचा करपेवाडीपर्यंत पोचलो होतो. संध्याकाळी पन्हाळ्यात मुक्काम, दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती, आणि मग जोतिबाच्या डोंगरावरून उतरून कोल्हापुरात आमच्या घराच्या दारापर्यंत पायीच जायचे, असा बेत होता. त्यामुळे पन्हाळा हा आमच्या चालण्याचा शेवट नव्हता. पण सहा दिवसांत ज्याला गाव न म्हणता शहर म्हणता येईल असे ते पहिलेच ठिकाण होते, आणि सहा दिवस डोंगरात चाललेल्या माणसाला गरम पाणी, दुकान आणि दुसऱ्याने रांधलेले जेवण यांची जी ओढ लागते, ती आदल्या रात्रीपासूनच आम्हा दोघांना लागली होती.

घरमालकीण काकूंनी चुलीवर चहा ठेवला. त्याला म्हशीच्या धारोष्ण दुधाचा आणि धुराचा मिळून एक वास होता. चहा होईपर्यंत मी सॅक भरायला घेतली. लांबच्या चालीत सॅक भरण्याचे काम रोज करावे लागते आणि ते रोज थोडे वेगळे असते, कारण खाण्याचा शिधा रोज कमी होतो. माणशी दिवसाला साधारण सहाशे ग्रॅम कोरडा शिधा आम्ही धरला होता: तांदूळ-मुगाची डाळ, भडंग, गूळ, शेंगदाणे, शेंगदाण्याची चटणी आणि घरून करून आणलेल्या दशम्या. निघताना माझी सॅक पाण्यासकट साडेबारा किलो भरली होती. सहाव्या सकाळी तिच्यात मूठभर भडंग, गुळाचा एक खडा आणि चटणीची जवळजवळ रिकामी डबी एवढेच उरले होते, आणि पाणी धरून ती नऊ किलोच्या आत आली असावी. खांद्यांना हा फरक लगेच कळतो. सॅकच्या वरच्या कप्प्यात पोकळी तयार झालेली असते, आत ठेवलेले भांडे खडखडते आणि ओझे एका बाजूला कलते, म्हणून मी स्वेटर घडी करून तिथे कोंबला. त्या पोकळीचा दुपारी काय उपयोग होणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हते.

सव्वासहाला निघालो. डिसेंबरची थंडी, गवतावर दव आणि दोन्ही बाजूंच्या खोऱ्यांत धुके. हा डोंगराचा दांड मला फार आवडतो, कारण त्यावरून चालताना आपण दोन नद्यांच्या मधून चाललो आहोत हे सतत जाणवते. पूर्वेकडे तोंड केले की डाव्या हाताला पडलेल्या पावसाचे पाणी कडवी आणि वारणेकडे जाते आणि उजव्या हाताचे कासारीला मिळून पंचगंगेत येते. एक पाणी सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत मिळते, दुसरे कोल्हापूरला वळसा घालून नृसिंहवाडीला. मी पंचगंगेचे पाणी पिऊन वाढले, त्यामुळे उजव्या बाजूचा उतार मला नेहमीच घरचा वाटतो.

या वाटेने बहुतेक माणसे पावसाळ्यात आणि उलट दिशेने, म्हणजे पन्हाळ्याकडून विशाळगडाकडे जातात. त्याचे कारण सर्वांना माहीत आहे. १६६० च्या जुलैत, सिद्दी जौहरचा वेढा चार महिने चाललेला असताना, शिवाजी महाराज पावसाच्या रात्री पन्हाळ्याबाहेर पडले; शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीतून गेले आणि त्यांनी प्राण दिले; आणि बाजीप्रभू देशपांडे व बांदलांच्या सैन्याने घोडखिंड लढवली, तिची पावनखिंड झाली. दर जुलैत शेकडो तरुण त्या रात्रीची आठवण ठेवून ही वाट चालतात. मीही तीन वेळा तशीच चालले आहे, चिखलात घोट्यापर्यंत पाय रुतवत आणि पुढच्या माणसाच्या सॅकवर नजर ठेवून. त्या चालण्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तीन वेळा चालूनही ही वाट मी पाहिली नव्हती, हे मला या डिसेंबरात उलट चालताना कळले. पावसात समोरचे वीस पावलांपलीकडचे दिसत नाही, आणि गर्दीत वाट कुठे जाते याचा विचार करण्याची गरज पडत नाही. आता उघड्या उन्हात, फक्त दोघे असताना आणि खडकांवर रंगवलेले बाण आमच्याकडे पाठ करून उभे असताना, प्रत्येक फाट्यावर थांबून ठरवावे लागत होते.

मांडलाईवाडी मागे टाकल्यावर आमचे ठरवणे चुकले. एका ठिकाणी पायवाट घाणेरीच्या जाळीत शिरत होती आणि तिच्या शेजारून जेसीबीने कापलेला रुंद, तांबड्या मातीचा नवा रस्ता खाली उतरत होता. भाच्याच्या फोनवरच्या नकाशात दोन्हींची नोंद नव्हती. रस्ता आहे म्हणजे तो वाडीकडे जात असणार, असे आम्ही गृहीत धरले. अर्ध्या तासाने तो एका कातळासमोर संपला. पुढे काहीच नव्हते; कापलेल्या मातीचा उभा धस, त्यातून लोंबणारी झाडांची मुळे आणि खाली दरी. काम अर्धवट सोडून दिलेले होते आणि ते किती दिवसांपूर्वी सोडले असावे हे चाकांच्या चरांत उगवलेल्या गवतावरून दिसत होते. परत चढून यायला पाऊण तास लागला, कारण भुसभुशीत मातीवर पाय मागे घसरत होते, आणि त्या चढात दोघांचे मिळून दीड लिटर पाणी संपले. पन्हाळ्यापर्यंत जे पुरवून वापरायचे ठरवले होते, त्यातला जवळजवळ निम्मा साठा सकाळी साडेनऊलाच गेला.

फाट्यावर परतल्यावर मी एका दगडावर बसले आणि बूट काढले. पायमोजे कुसळांनी भरले होते. डिसेंबरात वाळलेल्या गवतातून चालणाऱ्याला कुसळांचा त्रास चुकत नाही, पण त्यांची रचना जवळून पाहिली तर नवल वाटते. बीच्या टोकाला सुईसारखा तीक्ष्ण काटा असतो, त्यावर मागे वळलेली बारीक लव असते आणि वर पिळा घातलेली लांब शेपटी. दवाने ओली झाली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी स्वतःच जमिनीत शिरते. लव मागे वळलेली असल्याने ती फक्त पुढेच सरकते. पायमोजाला ती जमीन समजते. म्हणून कुसळ शेपटी धरून ओढायचे नसते, ते मोज्याच्या आतून, टोकाकडून बाहेर काढायचे असते. मी सुईदोऱ्याच्या डबीतली सुई घेऊन एकेक काढत बसले होते. डाव्या टाचेवर फोड येऊ घातला होता, त्यावर चिकटपट्टी लावली. भाचा उभ्या उभ्या घाणेरीत शिरण्याची वाट शोधत होता.

तेवढ्यात त्या जाळीतूनच एक मावशी बाहेर आल्या. साठीच्या पुढच्या असाव्यात. काष्ट्याचे लुगडे, डोक्यावर चुंबळ, हातात विळा. आम्हाला पाहून त्यांना आश्चर्य वाटले नाही, वाईट वाटले.

“त्या खणलेल्या रस्त्यानं गेलासा व्हय?” त्यांनी विचारले. “त्यो रस्ता न्हवं. नुसता खणून ठेवलाय. बाजाराची वाट ही हितनं, जाळीतनं जात्या.”

बाजाराची वाट हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. गेली वीस वर्षे मी या दांडाला पन्हाळा-पावनखिंड मार्ग म्हणत आले होते. मावशी आमच्या पुढे चालू लागल्या आणि चालता चालता बोलत राहिल्या. विळ्याने घाणेरीची आडवी आलेली फांदी तोडायची, ती बाजूला सारायची आणि पुढे जायचे, हे त्या न थांबता करत होत्या. त्यांच्या लहानपणी या वाटेवर घाणेरी नव्हतीच, कारण रोज पन्नास पायांखाली ती उगवायला जागा नव्हती. दक्षिणेच्या वाड्या खाली उतरून कासारीच्या काठच्या बाजारभोगावला जायच्या, ज्याच्या नावातच बाजार आहे; उत्तरेकडचे मलकापूर गाठायचे; आणि कचेरीचे काम असले, दाखला किंवा उतारा काढायचा असला, की सगळे या दांडावरून सरळ पूर्वेला, तालुक्याच्या गावाला, पन्हाळ्याला जायचे. डोक्यावर तूप, कोंबड्या, करवंदे, नाचणी असायची आणि परत येताना मीठ, रॉकेल, कापड असायचे. पावसात डोक्यावर इरले असायचे. पहाटे निघून कचेरी उघडायच्या आत पोचायचे आणि दिवे लागणीला परत.

मी त्यांना विचारले, “मग आता कसं जाता?”

“आता वडाप हाय की,” त्या म्हणाल्या. वडाप म्हणजे माणशी भाडे घेऊन प्रवासी नेणारी खासगी गाडी. “पर वडाप खाली उतरतंय. पन्हाळ्याला जायाचं म्हणजे आधी खाली जायाचं, गाडी बदलायची आन् पुन्यांदा वर चढायचं. अर्धा दीस त्यात जातोय. माझा गुडघा धड असता तर मी चालतच गेलो असतो.” आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना असे पुल्लिंगी क्रियापद सहज वापरतात. माझी आजीही असेच बोलायची, त्यामुळे क्षणभर मला ती माझ्यापुढून चालते आहे असे वाटले.

त्या दिवशी मी जो विचार करत चालले तो मांडण्यासाठीच खरे तर हे लिहायला बसले आहे. महाराजांसोबत सहाशे माणसे पावसाच्या रात्री, शत्रूच्या चौक्या चुकवून या दांडावरून धावत गेली. ती ज्या वाटेने गेली, ती वाट त्या रात्री तयार झालेली नसणार. ती आधीपासून कोणाच्या तरी पायांखाली असणार, आणि ज्यांनी ती दाखवली त्यांना अंधारातही ती ठाऊक असणार. पन्हाळा हा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळचा, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचा किल्ला आहे. मसाई पठाराच्या कड्यात पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत, ती त्याहूनही जुनी, आणि अशी लेणी बहुधा येण्याजाण्याच्या वाटांच्या आसपासच सापडतात. कोकणातून अणुस्कुऱ्याने किंवा आंबा घाटाने वर चढलेला माल आणि माणूस याच डोंगरांतून देशावर उतरत असे. आपण या वाटेला एका रात्रीच्या नावाने ओळखतो आणि ती ओळख योग्यच आहे. पण त्या रात्रीच्या आधी आणि नंतरही शेकडो वर्षे जी माणसे मिठासाठी आणि दाखल्यासाठी या वाटेने चालली, त्यांच्यामुळे ती वाट त्या रात्री तिथे होती. आज बाण रंगवले जातात ते जुलैसाठी, आणि ऑगस्टपासून पुढच्या जूनपर्यंत घाणेरी वाढत राहते. ती तोडणारा एक विळा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आणि तो धरणारा हात साठीच्या पुढचा होता. याची मला मनापासून काळजी वाटते.

खोतवाडीच्या अलीकडे मावशींचे घर आले. त्यांनी आम्हाला सोप्यात बसवले, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि आम्ही पन्हाळ्यात कुठे उतरणार, कधी पोचणार हे नीट विचारून घेतले. मग त्या आत गेल्या आणि एक फडक्यात बांधलेले गाठोडे घेऊन आल्या.

“पन्हाळ्याला निघालासाच, तर माझं एवढं काम करा. माझी लेक तीन दरवाज्यापाशी झुणका-भाकरीच्या गाड्यावर असत्या. हे तिला द्या. परड्यातल्या वरण्याच्या शेंगा हायत्या आन् नाचणीचं पीठ. वडापवाल्याच्या हातानं पाठवलं तर तीन ठिकाणी फिरून जातंय.”

लेकीचे नाव त्यांनी सांगितले, गाड्याची खूण सांगितली. गाठोडे दोन किलोंच्या आसपास असावे. भाच्याने माझ्याकडे पाहिले, कारण आमच्याकडे पाणी कमी होते, टाच दुखत होती आणि पुढे पठाराचा चढ होता. मी सॅकच्या वरच्या कप्प्यातून स्वेटर काढून कमरेला बांधला आणि गाठोडे त्या पोकळीत ठेवले. ते तिथे बेताचे बसले.

निघताना मावशींनी पाण्याची जागा सांगितली, आणि ती सांगण्याची रीत मला फार आवडली. त्यांनी पठाराकडे बोट केले आणि म्हणाल्या, “वर पाणी न्हाई. पाणी शोधायचं तर वर चढायच्या आधी, काळा दगड आन् तांबडा दगड भेटतोय तिथं.” भूगोलाच्या पुस्तकात जे दोन पानांत सांगितलेले असते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. मसाई पठारावर जांभ्या दगडाचा जाड थर आहे. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातले विरघळणारे घटक धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा हा तांबडा, भोकाभोकांचा दगड झाला. पडलेले पाणी त्यात थांबत नाही, चाळणीतून गळावे तसे खाली उतरते. खालच्या चिकणमातीपाशी आणि काळ्या बेसाल्टपाशी आले की त्याला पुढे जाता येत नाही आणि ते कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच माथा कोरडा आणि वाड्या सगळ्या कमरेवर, झऱ्यांच्या रेषेत वसलेल्या. कुंभारवाडी ओलांडल्यावर आम्ही ती रेषा शोधत गेलो आणि खरोखरच, जिथे पायाखालचा काळा दगड संपून तांबडा सुरू होत होता, तिथे उंबराच्या झाडाखाली एक झरा होता. दगडाची जुनी डोण होती, तिच्यात पाणी ठिबकत होते आणि तळाशी दोन खेकडे होते. एक लिटरची बाटली भरायला सात मिनिटे लागली. आम्ही चार बाटल्या भरल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तरीही त्या दिवशी ते ओझे मला जड वाटले नाही.

मग पठार. त्याविषयी मी थोडक्यात सांगते, कारण भर दुपारी एक वाजता वाळलेल्या गवताच्या सपाटीवरून चालण्याचे वर्णन करण्यासारखे फार नसते. पावसाळ्यात आणि भाद्रपदात हे पठार फुलांनी भरलेले असते, तेरडा आणि सोनकीने. ते संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषितही झालेले आहे. डिसेंबरात तळी आटलेली, गवत पिवळे आणि मधेच जांभ्याचा काळपट पडलेला कातळ, जो उन्हाने तव्यासारखा तापलेला. एक पठार संपले असे वाटते तोवर थोडा उतार लागून दुसरे सुरू होते. मसाई देवीच्या देवळाच्या सावलीत आम्ही वीस मिनिटे बसलो, उरलेले भडंग आणि गूळ खाल्ला. तिथे फोनला रेंज आली, भाच्याने आईला फोन केला.

देवळापासून पुढे निघाल्यावर पूर्वेला पन्हाळा दिसला, आणि त्याच्या पलीकडे जोतिबाचा डोंगर. पन्हाळा दिसल्यावर भाच्याची चाल बदलली. मी त्याच्या मागे असल्याने मला ते स्पष्ट दिसले. पावले लांब पडू लागली आणि तो खाण्याविषयी बोलू लागला.

“आत्ती, पोचल्यावर पहिलं काय खायचं?”

“पहिलं गाठोडं द्यायचं,” मी म्हणाले.

“ते तर देणारच गं. पण नंतर? झुणका की पिठलं? का पातळ पिठल्यावर तेल घालून आणि वर खर्डा?”

मी त्याला अडवले नाही, कारण माझ्याही मनात तेच चालले होते. सहा दिवस रोज संध्याकाळी मुगाची खिचडी खाल्लेल्या माणसाला भाकरीची आठवण जिभेवर येत नाही, ती हातांत येते. भाकरीचा पापुद्रा मोडताना बोटांना लागणारी वाफ मला चालता चालता जाणवत होती. पण मी त्याला पाय सावकाश टाकायला सांगितले. माझ्या अनुभवात घोटा मुरगळतो तो शहर दिसल्यानंतर. मन दोन तास आधीच जाऊन पोचलेले असते आणि पाय अजून दगडांवर असतात. पठारावरून म्हाळुंग्याकडे उतरणारी वाट सुट्या जांभ्याच्या खड्यांची आहे. ते गोट्यांसारखे पायाखालून निसटतात. तिथे आम्ही काठ्या टेकत, एकमेकांत अंतर ठेवून उतरलो.

म्हाळुंग्याजवळ उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसल्या आणि वाऱ्यावर कुठल्या तरी गुऱ्हाळाचा वास आला. उकळत्या रसाचा तो वास कोल्हापूरच्या माणसाला डोळे मिटूनही ओळखता येतो, आणि मला त्या वासाने सांगितले की आपण डोंगरातून निघून मुलखात आलो. तुरुकवाडीच्या पुढे शेवटचा चढ लागला, राजदिंडीचा. महाराज गडाबाहेर पडले ते याच बाजूने. झाडीतून वर जाणारी ती वाट अरुंद आहे आणि सहाव्या दिवशी दुपारी चारला ती खूप उभी वाटते. मी शंभर पावले चालून दहा श्वास थांबत होते. प्रत्येक थांब्याला सॅकच्या वरच्या कप्प्यातून वरण्याच्या शेंगांचा हिरवा वास येत होता. टाचेची चिकटपट्टी सुटली होती, पण आता बूट काढण्यात अर्थ नव्हता.

पन्हाळा सुमारे ९७५ मीटर उंचीवर आहे आणि त्या उंचीवर संध्याकाळी वारा असतो. तटबंदीच्या आत आल्यावर आधी तो वारा लागला आणि मग आवाज. सहा दिवसांनंतर गाड्यांचे हॉर्न, कुल्फीवाल्याची घंटा, सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांचा गोंगाट हे सगळे एकदम कानांवर आले. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे, आणि त्यानंतर येणाऱ्यांची संख्या वाढल्याचे नुसत्या नजरेलाही जाणवते. लोक आमच्या धुळीने तांबड्या झालेल्या कपड्यांकडे पाहत होते. मला त्या गर्दीचा राग आला नाही. अंबारखान्याच्या भिंती पाहून मुले गप्प होताना मी पाहिली आहेत, आणि ती यावीत असेच मला वाटते.

तीन दरवाज्यापाशी गाड्यांची रांग आहे. खुणेप्रमाणे तिसऱ्या गाड्यापाशी आम्ही पोचण्याआधीच आतून एका तिशीतल्या बाईंनी हाक मारली.

“वरनं आलासा न्हवं? आईचा फोन आलता. म्हणली, पाठीवर बोचकी घेतलेली दोन माणसं येत्यात. मी दोन वाजल्यापासनं वाट बघाय लागल्या.”

मी गाठोडे काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते बाजूला ठेवले नाही. हात पदराला पुसले, गाठ सोडली आणि दोन्ही ओंजळींत शेंगा उचलून नाकाजवळ नेल्या. मग विचारले, “गुडघा कसा हाय तिचा?”

मी सांगितले की वाटेत घाणेरी तोडत त्या आमच्या पुढे चालत होत्या आणि आम्हाला त्यांना गाठता येत नव्हते. हे खरे होते. चढावर त्या एका हाताने गुडघा दाबून धरत होत्या, हेही मी सांगितले. लेक काही बोलली नाही, परातीकडे वळली.

आम्ही आणलेल्या पिठाचीच भाकरी त्यांनी थापायला घेतली. नाचणीचे पीठ कढत पाण्यात मळावे लागते, नाहीतर ते तुटते. तळहाताच्या मांसल भागाने गोळा रेटत, परत फिरवत, कडेला बोटांनी सावरत त्यांनी भाकरी केली, एका हाताने उचलून तव्यावर टाकली आणि वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवला. पाणी वाळेपर्यंत थांबून ती उलटली. मग तवा सारून निखाऱ्यांवर उभी धरली, आणि ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू फुगली. भाच्याच्या ताटात पहिली, माझ्या ताटात दुसरी. झुणका, खर्डा, कच्चा कांदा आणि मातीच्या वाडग्यात दही. पापुद्रा मोडल्यावर वाफ बोटांना लागली. आम्ही दोघांनी मिळून सात भाकऱ्या खाल्ल्या आणि मधे काही बोललो नाही.

पैसे विचारल्यावर त्यांनी झुणक्याचे घेतले, भाकरीचे घेतले नाहीत. म्हणाल्या, पीठ आईचे होते.

आम्ही सॅक उचलत होतो तेव्हा त्यांनी ते रिकामे फडके झटकले, त्यात चहाच्या पुडीचे एक पाकीट, साखर आणि गुडघ्याला लावायच्या मलमाची एक ट्यूब ठेवली आणि पुन्हा गाठ मारली. आमच्याकडे माहेरचे फडके रिकामे परत पाठवत नाहीत.

“तुमी परत त्याच वाटेनं जाणार का?” त्यांनी विचारले.

मी सांगितले की आम्ही उद्या इथेच थांबून परवा जोतिबावरून खाली कोल्हापूरला उतरणार आहोत. त्यांनी मान हलवली आणि गाठोडे गाड्याच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे ठेवून दिले.